दोर कोणी पारखला

"सर, दोर?" मी विचारलं.

"आहे," सर म्हणाले आणि पाहुण्यांच्या खुर्च्या ओळीत लावायला निघून गेले.

आमच्या तालमीत एवढं बोलणं पुरायचं. इचलकरंजीत दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट, त्यात वाढलेली माणसं आम्ही. लांबण लावायची कुणाला सवय नव्हती. मल्लखांबावर किंवा दोरावर चढलेलं पोर हात सोडण्याआधी खाली बघायचं आणि म्हणायचं, "सर?" किंवा "ताई?" खाली उभं असलेल्यानं "आहे" म्हटलं की मगच हात सुटायचे. मी खाली आहे, गादी जागेवर आहे, तुला काही होणार नाही, असा सगळा त्याचा अर्थ. आणि ज्यानं 'आहे' म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे त्याचा अपमान.

सर म्हणजे माझे वडील. घरात ते आप्पा आणि तालमीत सर. आमच्या घराच्या मागे अंगण, अंगणापलीकडे तालीम, आणि तालमीला दगडी उंबरा. उंबऱ्याच्या आत नातंगोतं चालत नसे. लहानपणी मी एकदा आत चुकून "आप्पा" म्हणाले, तर सगळ्या पोरांसमोर मला बैठका काढायला लावल्या होत्या. उलटही तितकंच खरं होतं. घरात ताटावर बसल्यावर कुणी तालमीचा विषय काढला की ते घास खाली ठेवत. "तालमीतलं तालमीत," एवढंच म्हणत. हा नियम माझ्या आजोबांनी घातला होता, कारण तालीम त्यांनी काढलेली. आजोबा मी पाहिले नाहीत. फोटोत ते मिशांना पीळ भरून बसलेत आणि कुणाचंच काही ऐकून घेतील असं वाटत नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. नवा दोर टांगला की तो तालमीच्या मुख्य माणसानंच पारखायचा, इतर कुणी नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोर धरायचा, पाय उचलून सगळं अंग त्यावर सोडायचं आणि तीन हिसके द्यायचे. सुती दोराची नवी गाठ माणसाच्या वजनाखाली आवळते, थोडी सरकते. मग शिडीवर चढून ती पुन्हा बांधायची. त्यानंतर पोरांनी हात लावायचा.

हनुमान जयंतीला तालमीचा वर्धापनदिन असे. त्या वर्षी प्रमुख पाहुणे एक बडे मागवाले होते. त्यांनी दोर भेट दिला होता आणि प्रात्यक्षिकं त्याच दोरावर बघायची त्यांची हौस होती. सकाळी सरांना शिडी लावून तुळईच्या आकड्याला तो बांधताना मी पाहिलं. मग मी मुलींच्या वेण्या घट्ट करायला गेले. परत आले तेव्हा शिडी भिंतीला टेकलेली होती आणि सर खाली उभे होते. तेव्हाच मी विचारलं आणि तेव्हाच ते 'आहे' म्हणाले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सकाळी मुलींच्या शाळेत खेळ शिकवायचे, अजून कायम व्हायचे होते, आणि संध्याकाळी तालमीत मुलींचा दोराचा वर्ग घ्यायचे. हा वर्ग मी सरांशी भांडून सुरू केला होता. त्या दिवशी पहिला मान सुप्रिया मगदूमचा होता. नऊ वर्षांची, किडकिडीत, गालावर कायम पेन्सिलीचा डाग. तिचे वडील बाबासो मगदूम सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होते. पोरगी दोरावर चढायची तेव्हा ते वहाणा काढून बघत.

सुप्रिया सरसर वर गेली. दोराचा वेढा, म्हणजे आढी, मांडीला घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता दोन्ही हात सोडून तिला मागे उताणं व्हायचं होतं. तिनं मान वळवून खाली बघितलं.

"ताई?"

"आहे," मी म्हणाले.

तिनं हात सोडले. वरून घसटल्याचा आवाज आला. मी वर बघेपर्यंत दोर आकड्यातून निसटलेला होता. तो झोक्यात होता, म्हणून ती सरळ खाली न येता तिरकी आली. माझे हात तिच्या फ्रॉकला लागले, पण ती हातात आली नाही. अर्धी गादीवर आणि अर्धी फरशीवर पडली. दोर तिच्या अंगावर वेटोळं होऊन पडला. ती रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

दवाखान्यात मांडीचं हाड मोडल्याचं कळलं, तेही खुब्याजवळ. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, पाय किंचित आखूड राहील. मगदूम भिंतीला टेकून उभे होते. सर त्यांच्यापाशी गेले, त्यांच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "दोरानं सोडलं, मगदूम."

हेही आमच्या तालमीतलंच बोलणं. पोर पडलं की कुणाचं चुकलं हे कुणी काढायचं नाही. खांबानं सोडलं, दोरानं सोडलं, असं म्हणायचं, सगळ्यांनी मिळून बैठका काढायच्या आणि विषय संपवायचा. मलाही लहानपणापासून हे मोठं उदार वाटत आलं होतं.

मगदूमांनी मान वर केली. "दोर मनानं सोडतोय व्हय, सर?"

सरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मी काय खर्चाचं बोलंना. माझ्या पोरीला चढवायच्या आधी तो दोर कुणी बघितला हुता, तेवढं सांगा. बाकी मला काय नको."

"बघू. शांत झाल्यावर बोलू," सर म्हणाले.

शांत होण्याची वाट न बघता मगदूमांनी दुसऱ्या दिवशी चौकीत तक्रार दिली. कुणाचं नाव दिलं नाही. ज्याची जबाबदारी असेल त्याच्यावर, असं लिहून दिलं. मला बोलावणं आलं तेव्हा मी निर्धास्त होते. घडलं ते सांगायचं, सरही सांगतील, पुढचं पुढे. हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांचा जबाब झालाय सकाळीच. तुम्हाला माहिती असंल."

"हो," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

"मुलींच्या वर्गाचा दोर पारखायचं काम वर्गाच्या शिक्षिकेचं, असं ते म्हणतात. त्यांनी फक्त टांगून दिला. पारखलाय का, हे तुम्ही सांगितलं न्हाई आणि त्यांनी विचारलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "सख्खेच न्हवं वडील?"

चहा आला. मी तो पूर्ण प्यायले. का कोण जाणे, तो टाकून उठणं मला जमेना.

गुन्हा माझ्यावर दाखल झाला. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. शाळेनं निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी अगदी गोड आवाजात हेही सांगितलं की शिक्षा झालेल्या बाईच्या हाती कुणी मुली देत नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्या रात्री ताटावर मी विचारलं, "आप्पा, तुम्ही असं कसं सांगितलंत?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तालमीतलं घरात नको."

आई भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

सकाळी मी तालमीत गेले. दोराची जागा रिकामी होती. सर खांबाला एरंडेल लावत होते, डाव्या हातानं. "सर, तुम्ही 'आहे' म्हणाला होतात."

"शिकणाऱ्यानं तालमीत प्रश्न करायचा नसतो," ते म्हणाले, "विसरलीस?"

मी अंगणात येऊन उभी राहिले आणि मला चक्क हसू आलं. घरात विचारायचं नाही कारण ते तालमीतलं, आणि तालमीत विचारायचं नाही कारण तिथे विचारायचंच नसतं. आजोबांनी बापलेकीला भांडायला जागाच ठेवली नव्हती.

दुपारी मी सुप्रियाला बघायला गेले. पायाला वजन लावून तिला झोपवलं होतं. मगदूम बाहेर गेले होते, तिची आई डबा आणायला. सुप्रिया एकटी छताकडे बघत होती. मला पाहिल्यावर तिनं आधी पाय दाखवला, मग वजन दाखवलं, मग म्हणाली, "ताई, मी आधी हात सोडला न्हवता."

"मला माहितेय, बाळा."

"तुम्ही आहे म्हणालासा, मग सोडला."

"हो."

"मग दोर का आला खाली?"

माझं 'आहे' दुसऱ्याच्या 'आहे'वर उभं होतं, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी तिची वेणी घालून दिली आणि निघाले. तिनं "परत कधी येणार?" असं विचारलं नाही. आधी ती प्रत्येक वेळी विचारायची.

त्या संध्याकाळी मी तालमीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. एक पाय अंगणात, एक पाय तालमीत. सर किल्ल्या घेऊन कुलूप लावायला आले आणि थांबले.

"ऊठ. उंबऱ्यावर बसू नये."

"आत्ता मी घरातही नाही आणि तालमीतही नाही," मी म्हणाले. "आता सांगा."

मला वाटलं, आता ते खाली बसतील. लहानपणी मी पडले की बसत तसे, उकिडवे, समोर.

"काय सांगू?" ते म्हणाले. "आम्ही चौगुल्यांनी न पारखलेला दोर पोरांना दिला, हे गावात झालं की उद्यापासून एक पोर येणार नाही. तुझ्या आज्यानं रक्त आटवलंय या जागेवर. कुलूप लागंल."

"आणि माझं?"

"तुझं काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब मांडून झालेल्या माणसासारखा तो सरळ होता. "आज ना उद्या तुझं लग्न हुईल, तू जाशील. तुला दुसरं घर आहे. तालमीला दुसरं घर कुठलं?"

चोवीस वर्षं मी त्या घरात राहत होते, पहाटे उठून त्या तालमीची फरशी झाडत होते, आणि या माणसाच्या लेखी मी तिथे मुक्कामाला आलेली होते. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पण पारखला का नाहीत?" मी विचारलं. "आजवर एकदाही चुकवलं नाही तुम्ही. त्याच दिवशी का?"

माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकून ते अंगणात गेले आणि घराकडे चालू लागले. कुलूप मीच लावलं.

खटला उभा राहायला थंडी आली. माझे वकील आवटी नावाचे होते, सतत लवंग चघळणारे, जरा कंटाळलेले गृहस्थ. त्यांनी कागद वाचले आणि चष्मा काढला.

"सख्खा बाप सरकारी साक्षीदार. मी इतकी वर्षं काळा कोट घालतोय, हे बघितलं नव्हतं. बाई, त्यांनी 'आहे' म्हटलेलं कुणी ऐकलं?"

"तालमीतले दोघं-तिघं होते जवळ."

"बोलतील?"

मी विचारून आले होते. एकाला तेव्हा सनईच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं, एक नेमका पाण्याला गेला होता, आणि तिसऱ्यानं सरळ सांगितलं, "शैलाताई, सरांच्या विरोधात तोंड उघडायला नको वाटतंय वो. तुम्ही समजून घ्या."

"मग त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द," आवटी म्हणाले. "त्यांना तालीम सांभाळून इतकी वर्षं झाली. तुम्ही काल आलेल्या. कोर्ट कुणाचं ऐकेल ते मी सांगायला नको. ते आपणहून खरं बोलले तरच."

मला अजून वाटत होतं की ते बोलतील. चौकीतलं वेगळं. पण कोर्टात, मी आरोपीच्या पिंजऱ्यात समोर उभी असताना, त्यांना ते जमणार नाही. ही आशा मी कुणाला सांगितली नाही, इतकी ती मलाच लाजिरवाणी वाटत होती.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात जात होते. आप्पांच्या खोलीचं दार रोज सकाळी बंद असायचं. त्या दिवशी ते पुरतं लागलं नव्हतं. आत आई त्यांना कोट घालत होती. तिनं आधी उजवी बाही उचलली, त्यांचा हात कोपरातून धरून अलगद आत सारला, जसं दोन वर्षांच्या पोराला घालतात तसं. हात छातीच्या वर येईना. आप्पांनी डोळे मिटून दात आवळले होते. मग आईनं कोट मागून फिरवून डावी बाही त्यांच्यापुढे धरली आणि बटणं लावली.

ते अंगणात गेल्यावर मी आईला गाठलं.

"केव्हापासून?"

ती चूल पुसायला लागली. "काय केव्हापासून?"

"त्यांचा हात."

"झालं की वरीस," ती म्हणाली. "खांदा धरलाय. शर्ट मीच घालते. भांग पण."

दवाखान्यात मगदूमांच्या खांद्यावरचा डावा हात आठवला. खांबाला तेल लावणारा डावा हात आठवला. वर्षभर ते पोरांना नुसतं तोंडानं शिकवत होते आणि आम्ही म्हणत होतो, सरांचा आता अधिकार आहे, त्यांनी कशाला चढून दाखवायचं.

"म्हणजे दोराला ते लटकूच शकत नव्हते. गाठसुद्धा एका हातानं ओढली असणार. आई, तुला हे माहीत होतं."

"मला दोरातलं काय कळतंय?"

"कळतंय."

तिनं फडकं ठेवलं. "कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली हुती त्यांनी. दोर धरता येत न्हाई म्हटल्यावर तालमीत त्यांचं काय राहिलं? ते मेल्यागत झालं असतं त्यांना."

"आणि मी? मी इतके महिने चौकीच्या पायऱ्या चढतेय, ते बघत होतीस ना?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू निभावून नेशील म्हणून वाटलं. तुझ्यात दम आहे. त्यांच्यात न्हाई."

मला आईचा राग आप्पांपेक्षा जास्त आला. आप्पांनी निदान तालमीसाठी मला टाकलं होतं. आईनं मला मी खंबीर आहे म्हणून टाकलं. मी तिच्या हातचा चहा न घेता निघाले.

कोर्टाच्या व्हरांड्यात आवटींना मी एकच वाक्य सांगितलं. "दोर कसा पारखतात, ते त्यांना करून दाखवायला लावा."

"करून? तोंडी नाही?"

"करून."

त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले तेव्हा कोट अंगाला कसा चपखल बसला होता. मी समोरच्या पिंजऱ्यात. मागच्या बाकावर मगदूम, मांडीवर टोपी. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी दोर पारखायची जबाबदारी कोणाची होती?"

"सदर शिक्षिकेची," सर म्हणाले.

सदर शिक्षिका. मी तिथेच, चार हातांवर उभी होते. माझी आशा तिथे संपली. आवाज न होता संपली, हे एक बरं झालं.

आवटी उठले. फार गोड बोलले. तालीम केव्हाची, आजोबा कोण, शिस्त कशी. सर खुलले. आजोबांचे नियम सांगताना त्यांचा आवाज तालमीतला झाला.

"म्हणजे नवा दोर मुख्य माणसानंच पारखायचा, हा तुमच्या वडिलांचा नियम?"

"हो." मग त्यांच्या लक्षात आलं. "मुलींच्या वर्गापुरती ती जबाबदारी शिक्षिकेला दिली होती."

"असेल. पारखणं म्हणजे काय, हे कोर्टाला समजायला हवं. आपण शिक्षक आहात. करून दाखवा. समोर दोर टांगलेला आहे असं समजा आणि तो धरा."

न्यायाधीशांनी मान हलवली. "दाखवा."

सरांनी डावा हात वर केला. ताठ, सुंदर. अजूनही त्या हाताला बघत राहावं असं होतं.

"एका हातानं पारखतात?" आवटींनी विचारलं.

"नाही."

"मग दोन्ही हातांनी दाखवा."

उजवा हात निघाला. छातीपर्यंत आला आणि थांबला. कोटाचा खांदा वर सरकला, बाही ताणली गेली. त्यांनी आणखी जोर लावला. कपाळावर घाम आला. वरचा पंखा तेवढा करकरत होता.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ती नजर ओळखत होते. दोरावर आढी घातलेली, हात सुटायला आलेली पोरं अशीच मान वळवून खाली बघतात. त्यांनी तोंड उघडलं नाही, पण ते मला विचारत होते. मी काहीतरी म्हणावं, साहेब, त्यांना बरं नाही, राहू द्या, माझीच चूक झाली, असं काहीही. मी खाली असावं आणि त्यांना झेलावं. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. इतक्या वर्षांची सवय, आपोआप येतो.

मी गप्प राहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्यांनी दोन्ही हात खाली घेतले.

"हात वर जात नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"केव्हापासून?"

सरांनी खाली बघितलं. "त्या दिवशीही जात नव्हता."

"मग दोर कोणी पारखला?"

"कुणीच नाही," सर म्हणाले. "मी बांधला. पारखलेला आहे, असं मी तिला सांगितलं."

*तिला* म्हणाले. सदर शिक्षिका गेली होती, पण मला आता त्याचा काही उपयोग नव्हता.

बाहेर मगदूम माझ्यापाशी आले. टोपी हातातच होती. "समजलं, बाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "पोरगी घरात सारखी विचारती, ताई माझ्याशी खोटं बोलल्या का म्हणून. मी काय सांगत न्हवतो. आज जाऊन सांगतो, न्हाई म्हणून."

मला तिथे पहिल्यांदा रडू आलं. मगदूम तोंड फिरवून उभे राहिले आणि माझं आवरल्यावर गेले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सर थांबले होते. कोट उजव्या खांद्यावरून घसरला होता आणि तो त्यांना वर ओढता येत नव्हता. आई रिक्षा बघायला गेली होती. ते नुसते उभे राहिले, कुणीतरी करील अशा खात्रीनं. मी जवळ गेले, कोट नीट केला, वरचं बटण लावलं.

"चला, सर," मी म्हणाले.

त्यांनी चमकून बघितलं. तिथे तालीम नव्हती, उंबरा नव्हता. आम्ही घरी निघालो होतो.

मी निर्दोष सुटले. त्यांच्यावर पुढे खटला चालला आणि दंडावर भागलं. ज्या तालमीला कुलूप लागेल म्हणून मला विकलं होतं, ती एक दिवसही बंद पडली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नेहमीसारखी आली, आणि पालक एवढंच विचारायला लागले की आता दोर कोण बघतं. मी बघते, असं मी सांगायचे. लग्न होऊन मी गेले ती गावातल्या गावातच, आणि दोर अजूनही मीच बघते. सुप्रिया जरा लंगडते. तिची मुलगी माझ्याकडे दोर शिकायला येते.

ते त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटी शेवटी मीच त्यांना भरवायची, अंग पुसायची, बाही चढवायची, आधी उजवी मग डावी. ताटावर, अंथरुणाशी, दवाखान्यात, सगळीकडे मी त्यांना सर म्हणत राहिले. का म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही.